विमल रोज संध्याकाळी घरातून घरी निघते

डॉक्टरांनी ‘अल्झायमर्स’ हा शब्द उच्चारला आणि त्यांच्या खोलीतला पंखा थांबला. मुलगा म्हणतो, वीज गेली होती. असेल. पण वीज जायलाही काही निमित्त लागतं.

विमल, म्हणजे माझी बायको, माझ्या शेजारच्या खुर्चीत मांडीवर पर्स घेऊन ताठ बसली होती. सरकारी कचेरीतून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालेली बाई. तिने टेबलावर नजर फिरवली आणि डॉक्टरांना म्हणाली, “पेशंटची फाइल अशी उघडी ठेवू नये.”

त्याआधी तिची तोंडी परीक्षा झाली होती. ‘मिनी मेंटल स्टेट एक्झामिनेशन’ असं भारदस्त नाव. म्हणजे आज वार कोणता, आपण कुठल्या गावात आहोत, तीन शब्द सांगतो ते थोड्या वेळाने परत सांगा, असले प्रश्न. देशाचे पंतप्रधान कोण, असं विचारल्यावर विमल म्हणाली, “आपण पेपर वाचत नाही का?” या उत्तराला पुण्यात पूर्ण गुण मिळायला हवेत. डॉक्टरांनी दिले नाहीत. मग तिला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. वर्तुळ असं काढलं की कंपासपेटीने लाजावं. पण सगळे आकडे एकाच बाजूला. दुसरी बाजू जणू कुणाला भाड्याने दिली होती.

‘एमआरआय’मध्ये ‘हिप्पोकॅम्पस’ आक्रसलेला दिसला. नव्या आठवणी जिथे नोंदल्या जातात तो हा मेंदूचा कोपरा. डॉक्टर समजावू लागले तेव्हा मी म्हटलं, “कळलं. आवक बंद, जावक चालू.”

“असंच काहीसं,” डॉक्टर म्हणाले. “पुढे जुनं दप्तरही हळूहळू जातं. औषधांनी वेग थोडा कमी होऊ शकतो. पण हा बरा होणारा आजार नाही.”

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश, आणि अल्झायमर्स हा त्याचा एक प्रकार, हे आता मी झोपेतही सांगतो. त्या दिवशी मात्र मी फक्त विमलच्या पर्सचा पट्टा धरून बाहेर आलो.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी आयुष्यभर गावोगाव फिरून शेतीचे पंप विकले. पंप विकणारा खरं बोलायला लागला असता तर महाराष्ट्रातल्या निम्म्या विहिरी अजून तुडुंब राहिल्या असत्या. सासवडजवळ आमच्या पंपाने इतकं पाणी ओढलं की तळाशी बैलगाडी सापडली, बैलांसकट, असं मी सांगत असे, आणि बैल जिवंत होते की नाही हे गिऱ्हाईक बघून ठरवत असे. विमलला हे अजिबात चालत नसे. आमच्या घरी रोज सकाळी बुद्धवंदना होते. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की ती डोळे उघडून माझ्याकडे बघायची. बाकीची चार शीलं ती बुद्धाकडे बघून म्हणायची.

तर अशा माणसाने, आजार कळल्यावर, खरं बोलायचं ठरवलं. इथेच घोटाळा झाला.

डॉक्टर म्हणाले होते की दारांवर, कपाटांवर नावं लावून बघा, मधूनमधून वार-तारीख सांगत जा. याला ‘रिॲलिटी ओरिएंटेशन’ म्हणतात, म्हणजे रुग्णाला हलक्या हाताने वास्तवाची ओळख देत राहणं. यातले ‘हलक्या हाताने’ हे शब्द माझ्या कानात शिरलेच नाहीत. मी पुण्याचा माणूस. पाटी लावायला सांगितल्यावर हात हलका कसा राहील?

दोन दिवसांत विश्रांतवाडीच्या आमच्या फ्लॅटमध्ये भिंत दिसेनाशी झाली. ‘स्वयंपाकघर. गॅसला हात लावू नये.’ ‘प्रसाधनगृह. दिवा आठवणीने बंद करावा.’ ‘औषधे ठरलेल्या वेळीच मिळतील.’ ‘चपला रांगेत ठेवाव्यात.’ तिला सवयीची भाषा वाटावी म्हणून मी मुद्दाम कचेरीचं मराठी वापरलं होतं. आणि काय सांगू, विमल सुधारली. पाट्या वाचायची, मान हलवायची, तसं वागायची. ‘खिडकी उघडी ठेऊ नये’ या पाटीत तर तिने लाल पेनने ‘ठेवू’ असं करून दिलं. मी मुलाला फोन करून सांगितलं की आजार जवळजवळ पळाला.

मग संध्याकाळ झाली. विमलने पदर नीट केला, पर्स घेतली आणि मला म्हणाली, “चला, निघते मी.”

“कुठे?”

“घरी. दादा वाट बघत असतील.”

दादा म्हणजे तिचे वडील. पुण्याजवळच्या मांजरी गावी, उसावर संशोधन करणाऱ्या संस्थेच्या शेतावर कामाला होते. विमलचं बालपण त्याच उसाच्या कडेने गेलं. मी नव्या खरेपणाने सांगितलं, “विमल, हेच तुझं घर. तू रिटायर झालीस. दादा गेले, केव्हाच गेले.”

तिचा चेहरा मी विसरू शकत नाही. दादा गेल्याची बातमी तिला तेव्हा, त्या क्षणी, पहिल्यांदा कळली होती. ती दाराशीच बसली आणि लहान मुलीसारखी रडली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा निघाली. मी पुन्हा खरं सांगितलं. ती पुन्हा तितकीच रडली. रोज दिवेलागणीला मी माझ्या सासऱ्यांना मारत होतो आणि त्यांच्या लेकीला सुतकात बसवत होतो. खरं बोलून माणसाचा इतका छळ करता येतो हे मला पंप विकताना ठाऊक नव्हतं.

एका संध्याकाळी मी दूध तापवत असताना ती गेली. आळंदी रस्त्याच्या स्टॉपवर सापडली. पायात चप्पल नाही, पर्स छातीशी, आणि येणाऱ्या प्रत्येक बसच्या कंडक्टरला विचारत होती, “मांजरीला जाईल का?” रस्त्यावरची वाहनं बघून मी खरंच फुटपाथवर बसलो. यात एक शब्दही वाढवलेला नाही.

मुलगा अनिकेत हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. हिंजवडीहून आमच्याकडे यायला इतका वेळ लागतो की निघताना केलेली दाढी पोचेपर्यंत पुन्हा करावी लागते. त्या दिवशी तो कसा कोण जाणे लगेच पोचला. आई झोपल्यावर म्हणाला, “बाबा, आता तिला अशा रुग्णांच्या संस्थेत ठेवायला हवं. चांगली जागा बघितली आहे मी.”

“आणि मी?”

“तुम्ही भेटायला जाल.”

मी काही बोललो नाही. ते ऐकून तोच घाबरला. शेवटी म्हणाला, “एक ऑनलाइन सेवा आहे, घरी डिमेन्शियाचा पेशंट सांभाळणाऱ्या केअरगिव्हरसाठी. महिनाभर करून बघा. जमलं तर ठीक. नाही जमलं तर मी सांगेन ते ऐकायचं.”

केअरगिव्हर म्हणजे काळजीवाहक. आमच्या पिढीत त्याला नवरा म्हणत, पण काम वेगळं असे.

खरं सांगायचं तर माझा विश्वास नव्हता. पेशंट विश्रांतवाडीत, सल्ला देणारी बाई कोथरूडला, मध्ये काचेचा पडदा. पडद्यावर मृणाल मॅडम आल्या. समुपदेशक, वयाने अनिकेतहून लहान. मी त्यांना सगळं सांगितलं, थोडं वाढवून. त्यांनी सगळं ऐकलं, थोडं कमी करून. मग म्हणाल्या, “काका, लॅपटॉप उचलून जरा घर दाखवता का मला?”

मी दाखवलं. हॉल, स्वयंपाकघर, व्हरांडा. मग त्या म्हणाल्या, “काका, हे घर आहे की तहसील कचेरी?”

मी लॅपटॉप टेबलावर ठेवला.

“काकू अगदी बरोबर वाचताहेत,” मॅडम म्हणाल्या. “दारांवर सूचना, भिंतीवर सूचना. माणूस दिवसभर इथे नियमाने वागतो. मग कचेरी सुटायच्या वेळेला तो घरी जाणार नाही तर काय करणार?”

मी आयुष्यात पुष्कळ चमत्कार सांगितले आहेत, बघितला हा पहिला. जिच्या डोक्यातलं सगळं विस्कटलंय असं आम्ही समजत होतो, तिने पुराव्यांवरून निष्कर्ष काढला होता. चूक आमच्या पुराव्यात होती. भिंतीएवढी चूक, आणि ती काचेतून बघणाऱ्या एका पोरीला दिसली.

मग मॅडमनी दोन गोष्टी समजावल्या. एक ‘सनडाउनिंग’. ऊन उतरू लागलं की या रुग्णांची बेचैनी वाढते, सावल्या लांबतात, ओळखीच्या वस्तू अनोळखी होतात. म्हणून अंधार पडायच्या आधीच दिवे लावायचे आणि हाताला काहीतरी काम द्यायचं. दुसरी ‘व्हॅलिडेशन’. म्हणजे ती जे म्हणते त्याचं खंडन करायचं नाही, त्यामागची भावना ओळखून तिला उत्तर द्यायचं. “त्यांना मांजरीला जायचं नसतं, काका. त्यांना आपल्या माणसांत जायचं असतं. तुम्ही त्यांच्या जगात जा.”

“म्हणजे खोटं बोलायचं?”

“सोबत करायची.”

“मॅडम,” मी म्हटलं, “त्या भागात माझं बरंच येणं-जाणं आहे.”

पाट्या काढल्या. एकच ठेवली, न्हाणीघराची, त्यावर नुसतं बादलीचं चित्र. विमलच्या पर्समध्ये पत्ता आणि फोन नंबर शिवून टाकला. बाहेरच्या दाराला वरच्या बाजूला कडी बसवली आणि ती दिसू नये म्हणून त्यावर दाराच्याच रंगाचा पडदा सोडला. संध्याकाळी लवकर दिवे लावले, पेपर पसरला, त्यावर मेथीच्या जुड्या ठेवल्या आणि वाट बघत बसलो. बोर्डाच्या परीक्षेलाही मी इतका घाबरलो नव्हतो.

विमल आली. पर्स काखेत. “निघते मी. बस आली का?”

“बस पुलावर अडकलीय, मॅडम. पुलाच्या मधोमध हत्ती बसलाय.”

तिने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, गेलं, आता चौथं शील.

“कुणाचा हत्ती?” ती म्हणाली.

“सर्कशीचा असावा.”

“मग त्यांना नोटीस द्यायला हवी.” ती खाली बसली. “रस्ता काय त्यांच्या मालकीचा आहे? अर्ज कुणी केलाय का?”

“अजून नाही.”

“इथे सगळं मलाच करावं लागतं,” असं म्हणून तिने मेथीची जुडी ओढली. हत्तीच्या विरुद्ध अर्जात काय काय लिहायचं हे ती सांगत होती आणि बोटं पानं खुडत होती, एकही देठ पानात न येऊ देता. नाव, गाव, वार काही राहिलं नसेल, पण बोटांना मेथी माहीत होती, आणि अर्जाचा विषय आधी आणि मजकूर नंतर हेही. मी बघत राहिलो. किल्ला पडतो म्हणतात, पण पडलेल्या किल्ल्यातही काही दालनं अशी असतात की आत दिवा चालू असतो. त्या संध्याकाळी दादा मेले नाहीत. मेथीची भाजी झाली, आम्ही जेवलो.

रोज असं झालं असं सांगायचा मोह होतो आहे, पण ते सांगणार नाही. काही संध्याकाळी हत्ती पुलावर काही केल्या बसत नसे आणि काही संध्याकाळी विमलला हत्तीशी कर्तव्यच नसे. एकदा तिने कप भिंतीवर मारला. आंघोळीवरून तर रोज रणकंदन. माझ्यासमोर कपडे काढायला ती तयार नव्हती, कारण मी कोण हेच तिला ठाऊक नव्हतं. हे लिहायला सोपं आहे. ऐकायला तसं नव्हतं.

बुधवारी दुपारी सेवेची सामूहिक बैठक असे. पडद्यावर छोटे छोटे चौकोन आणि प्रत्येक चौकोनात माझ्यासारखा एक थकलेला चेहरा. मी आंघोळीचं सांगितलं. लातूरच्या एक ताई म्हणाल्या, “काका, खांद्यावरून मोठा पंचा राहू द्या. आतून अंग पुसा. आमच्या सासूबाईंना थंडी नाही, लाज वाटत होती.” नागपूरचे एक गृहस्थ म्हणाले की त्यांची बायको त्यांना घरमालक समजते आणि दर महिन्याला घर रिकामं करायची भाषा करते. मी हसलो, तेही हसले, मग दोघंही चष्मे पुसू लागलो. एवढ्या महाराष्ट्रात मी पंप घेऊन हिंडलो, पण प्रत्येक गावात एखाद्या बंद दारामागे असं कुणीतरी बसलेलं असेल हे मला कधी दिसलं नव्हतं. पंचाची युक्ती लागू पडली.

तुमच्या घरी हा पाहुणा आला असेल तर माझ्या अनुभवातलं एवढंच घ्या. औषधं डॉक्टरांना विचारूनच. दाराची आणि गॅसची सोय पहिल्या दिवशी. आणि एकट्याने झुंजू नका. आमच्याकडे मदत एका काचेतून आली, तुमच्याकडे जिन्यातून येईल. येईल तिथून घ्या. कुणाला शेवटी संस्थेत ठेवावं लागलं तर त्यांनीही मान खाली घालू नये. आमच्या बैठकीत तसेही आहेत, आणि त्यांच्याइतकी माया मी कमी ठिकाणी पाहिली.

महिना संपला आणि अनिकेत आला. नेमका संध्याकाळी. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, हातात त्या संस्थेची माहितीपत्रकं. विमल मेथी निवडत होती. तिने ओळखपत्राकडे बघितलं आणि लगबगीने उठून उभी राहिली.

“आपण मुख्य कार्यालयातून आलात?”

अनिकेत तोंड उघडून ‘आई’ म्हणणार, एवढ्यात त्याने तिचा चेहरा नीट पाहिला.

“हो, मॅडम,” तो म्हणाला. “पाहणीला.”

“बसा.” तिने पदराने खुर्ची पुसली. मग माझ्याकडे बोट केलं. “यांच्याबद्दल काही तक्रार आली आहे का?”

“तशी नाही. पण... इकडचं काम झेपतंय का, ते बघायचं होतं.”

विमलने आवाज खाली आणला. मी ऐकू नये म्हणून, पण मी तिथेच होतो. “यांची बदली करू नका. बोलतात फार. पण माणूस बरा आहे. सगळे घरी निघून गेले तरी हे माझ्यासाठी थांबतात.”

अनिकेतने माहितीपत्रकं दुमडली.

“नाही करत, मॅडम.”

“लेखी द्या,” विमल म्हणाली.

त्याने पसरलेल्या पेपरचा कोरा कोपरा फाडला, त्यावर लिहिलं आणि खाली सही केली. तिने चष्मा सावरून ते दोनदा वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि एक मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली.

“बसा आता,” ती मला म्हणाली. “झालं तुमचं काम.”