स्वच्छ पाण्याचा पालक

नामांतराच्या त्या वर्षांत मी परभणीत शेतीच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होते. ओढ्याकाठच्या भाज्यांत शिसं किती उतरतं, ते आमचे साहेब तपासत होते. ओढ्याला शहराचं सांडपाणी यायचं, बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्या दुकानांचंही. मळेवाले तेच उपसून वाफ्यांना द्यायचे.

नमुने आणायला मला नको वाटे. उन्हाळ्यात सगळं रान करपलेलं आणि तो एकच पट्टा हिरवा, इतका गडद की काळा वाटावा. पानाला भोक म्हणून नाही. वाफ्यात उभं राहिलं तर चिलटाचाही आवाज नाही.

तुलनेला विहिरीवरचा पालक पालम गावाहून आणायचा होता. पण त्या दिवशी नामांतरावरून बंद पुकारला होता, एसटी सुटलीच नाही. म्हणून मी घरचाच नेला. माझ्या शाळेच्या दिवसांपासून एक मावशी आमच्या दारावर भाजी आणायची. तिचा मळा विहिरीवरचा, असं आई शेजारणींना सांगे. मी पिशवीवर 'स्वच्छ' लिहिलं.

पानं धुतली, वाळवली, भट्टीत जाळली. राख तपासायला बाहेरगावी गेली. आकडे आले तेव्हा साहेबांनी विचारलं, "पिशव्यांची अदलाबदल झाली का?"

झाली नव्हती. घरच्या पालकात शिसं ओढ्याकाठच्यापेक्षा थोडं जास्तच निघालं होतं.

घरी आले तर आई पालकाचं गरगटं घोटत होती. मी सांगितलं. तिचा हात थांबला नाही. "वास तर चांगला येतोय," ती म्हणाली आणि तळहातावर थेंब घेऊन तिनं चाखला.

सकाळी मावशी आली. मी विचारलं, "पाणी कुठलं देता?"

"हीर कवाच आटली, माय. वड्याचंच हाय. माल लय भरतो."

"त्यात शिसं आहे, मावशी. ते अंगात साठत जातं."

तिनं पाटीतली एक जुडी उचलून उलटसुलट पाहिली. "आमी बी हेच खातो," ती हळू म्हणाली. "नातीला तर याचंच पाणी पाजायलाव."



अहवाल फायलीत गेला. मावशीनं पालक मोडून झेंडू लावला. दसऱ्याला टोपलंभर फुलं घेऊन आली, एकेक मुठीएवढं. "हे काई खायचं न्हाई," ती म्हणाली.

आईनं तोरण केलं. ते वाळेपर्यंत मी त्याखालून डोकं वाकवून जात होते.