हिमरूच्या बाह्या

गोधडीची वरची बाजू जोडायला बसले की मला कुणाचा शब्द खपत नाही. नवरा म्हणतो, "बाजारात मिळतं की पांघरूण." मिळतं, आणि पहिल्याच धुण्यात त्याची कळा जाते. मी उत्तर देत नाही, मशीन जोरात चालवते.

मुकुंदवाडीत आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून, सगळ्यांच्या खाला, म्हणजे मावशी, राहतात. ब्लाउज, पंजाबी ड्रेस शिवतात. शिवून उरलेली कतरण त्या माझ्यासाठी पिठाच्या रिकाम्या पिशवीत साठवतात आणि पिशवी भरली की दारातूनच ओरडतात, "ताई, तुमचा खुराक आला!" माझी पद्धत अशी, की पिशवी आली की त्याच दुपारी ओतायची आणि सगळं चार बोटांच्या चौकोनांत कापून टाकायचं. आधी कात्री, मग विचार. चिंध्यांचा ढीग एकदा पडून राहिला की वर्षानुवर्षं पडून राहतो, हे मी आईच्या घरी पाहिलंय. या माझ्या झपाट्याचा मला भारी अभिमान होता.

गेल्या थंडीच्या तोंडावर आलेल्या पिशवीत जांभळ्या हिमरूचे, आमच्या औरंगाबादी रेशमी विणीचे, दोन मोठे तुकडे निघाले. बारीक वेलबुट्टी, हाताला मऊ, जुनं काम. मी हरखूनच गेले. आजवरच्या सगळ्या गोधड्या लेकीला, नणंदांना, भाच्यांना गेल्या होत्या. ही मी स्वतःसाठी शिवत होते. पाहता पाहता त्या हिमरूचे चौकोन पाडले आणि बरोबर मधोमध बसवले.

चार दिवसांनी खाला दारात येऊन उभ्या राहिल्या. मी जोडलेली बाजू मांडीवर घेऊन सुटे दोरे कापत होते. त्यांचा चेहरा पार उतरलेला.

"ताई, कतरणीत जांभळं हिमरू आलं का हो? माझ्या शादीची शाल होती. पोरीच्या निकाहच्या कुर्त्याला तिच्यातून बाह्या कापून ठेवल्या होत्या. लाईट गेली, अंधारात टेबल आवरलं, तवापासून सापडंनात. लई शोधलं."

त्या बोलत होत्या तोवर माझ्या हातांनी मांडीवरचं कापड उलटं केलं होतं. मी हातांना सांगितलंही नव्हतं, त्यांनी आपोआप केलं.

"नाय खाला," मी म्हटलं, "मला तर नाय दिसलं."

का म्हटलं? घाबरले, दुसरं काय. त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. निकाहला नऊ दिवस राहिले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी उरलेला चिंधीएवढा तुकडा घेऊन गुलमंडीचा कापडबाजार गाठला. तसंच हिमरू मिळवायचं, बाह्या कापायच्या आणि "कपाटामागं सापडल्या" म्हणून नेऊन द्यायच्या, असा माझा बेत होता. तिसऱ्या दुकानातल्या म्हाताऱ्या दुकानदारानं तुकडा उलटसुलट करून पाहिला. "जुन्या हातमागाचं हाय, बाई. अशी बुट्टी आता निघत नाय."

रिक्षातून परतताना मी सगळ्यांवर चिडले होते. लाईटवर, खालांच्या टेबलावर. घरी नवऱ्यानं फक्त "चहा घेणार का?" विचारलं, तर त्याच्यावरही खेकसले. मग गोधडीची बाजू काखोटीला मारली, खालांच्या घरी गेले आणि त्यांच्या कापायच्या टेबलावर ती सुलटी पसरली.

"खाला, मी खोटं बोलले. बाह्या मीच कापल्या."

खाला जांभळ्या चौकोनांवरून नुसता तळहात फिरवत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"उसवून देते," मी म्हटलं.

"उसवून काय करता? बाहीची बाही राहिली नाय. आन् रेशमात सुईची भोकं राहतात."

मग मला रडूच कोसळलं. साठीला आलेली बाई, लहान पोरीसारखी हुंदके देत उभी. खालांनी पाण्याचा पेला पुढे केला. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "बाही एक दिवस घातली असती पोरीनं. मग पेटीतच. हे तर रोज अंगावर राहील."

त्यांनी मागितलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला ती गोधडी सोडवत नव्हती. पण म्हटलं, "तिचीच आहे ही."

त्याच दुपारी आम्ही त्यांच्या खोलीत फरशीवर गोधडी मांडली. खाली माझं जुनं सुती लुगडं, आत खालांच्या विरलेल्या ओढण्या, वर ती जोडलेली बाजू. एका कडेनं त्या, दुसऱ्या कडेनं मी, असा धावदोरा घालत निघालो. नवरी मुलगी येता-जाता डोकावून हसत होती. जरा वेळानं मला राहवेना.

"काल तुम्हाला माझा संशय आला नाही?"

"संशय कशाला? जांभळं मला दारातूनच दिसलं होतं."

माझी सुई थांबली. "मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलता का, ते बघत होते."

"आणि मी आलेच नसते तर?"

खालांनी वर पाहिलंच नाही. दोऱ्याचं टोक ओठांत धरून ओलं केलं, आणि सुई-दोरा माझ्यापुढं धरला.

"आलात ना? मग झालं. हे ओवून द्या, मला नेढं सापडंना."