मिस्त्रीची डावी नाकपुडी

मिस्त्रीला सगळ्यात जास्त चीड कशाची असेल तर 'साधारण' या शब्दाची. "साधारण तीन फूट" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तो सरळ हातात टेप देऊन घरी पाठवायचा. चाळीस वर्षं लाकडात काढलेल्या या सुताराची दोन वर्षं मात्र साधारणातच गेली, तीही डाव्या नाकपुडीपायी.

नाकपुडी आधी चोंदली, मग बंदच झाली. बायको म्हणाली, "अहो, वाफ घ्या." मेहुण्याने तेलाचे थेंब सांगितले. मोठी बहीण म्हणाली, "कुशीवर झोपत जा." नेहमीच्या डॉक्टरांनी भुशाची ॲलर्जी ठरवून फवारा दिला, तो संपल्यावर दुसरा दिला. नाक जागचं हललं नाही.

एका दुपारी शेगडीवर ठेवलेला लाकूड चिकटवायचा सरस करपून कोळसा झाला. शेजारचा छापखानेवाला नाकाला रुमाल लावून धावत आला, तर मिस्त्री शेगडीपासून दोन हातांच्या अंतरावर बसून शांतपणे रंधा मारतोय!

"मला वासच आला नाही गं," तो घरी बायकोला म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला होता.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंनी आत दुर्बीण घातली, स्कॅन काढला. "एकाच बाजूला वाढ आहे. तीही वर, वास कळतो त्या फटीत. काम काय करता?"

"सुतारकाम. चाळीस वर्षं."

बाईंनी स्कॅन पुन्हा उजेडाला धरला.

"बाई, काय असेल ते सांगून टाका."

"वर्षानुवर्षं भुसा नाकात गेला की क्वचित आतल्या ग्रंथींचा कॅन्सर होतो. हा तोच आहे, असं मी म्हणत नाही."

"तो नाही, असंही म्हणत नाही!"

"तपासल्याशिवाय 'नाही' कसं म्हणू?"

तपासायला तुकडा काढला. रिपोर्टात लिहिलं होतं: ग्रंथींची वाढ दिसते, तुकडा लहान असल्याने निश्चित मत देता येत नाही. मिस्त्रीने कागद उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं. "म्हणजे लाकूड आहे एवढं कळलं. टेबल की खुर्ची, ते देवाला ठाऊक!"

मग दुर्बिणीतून अख्खी गाठच काढली. आठ दिवसांत कळेल म्हणाले होते, त्याचे वीस झाले. फोन केला की एकच उत्तर, "स्लाइड दुसऱ्या तज्ज्ञांकडे पाठवलीय." तोवर बहीण पिशवी भरून राहायला आली होती. भावाने ताट पुढे ओढलं तरी तिचे डोळे भरून यायचे. मेहुणा मोबाइलवर काहीबाही वाचून मिस्त्रीच्या बायकोच्या कानाला लागायचा.

"अरे, मी अजून मेलो नाही!" मिस्त्री ओरडला. "बोलायचंय ते मोठ्याने बोला!"

एकविसाव्या दिवशी तो स्वतः लॅबमध्ये जाऊन बसला. रिपोर्ट नुकताच पक्का झाला होता. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं.

"ही गोल गोल दिसतात ना, त्या ग्रंथी. प्रत्येकीभोवती जाड कड आहे बघा, कुठेही तुटलेली नाही. कॅन्सर असता तर कड फोडून आजूबाजूला घुसला असता. हे तुमच्याच नाकाचं अस्तर, गरजेपेक्षा जास्त वाढलेलं. हॅमार्टोमा म्हणतात. साधी गाठ आहे."

"साधी होती तर एकवीस दिवस कशाला लागले?"

"साधी आहे, पण दुर्मिळ आहे. माझ्या उभ्या नोकरीत ही दुसरी. घाईत कॅन्सर लिहिला असता, तर तुमचं अर्धं नाक कापलं गेलं असतं."

मिस्त्रीने खिशातली पेन्सिल काढून पुढे केली. मग म्हणाला, "ते नाव कागदावर लिहून द्या. पूर्ण."

घरी कळल्यावर बायको मोरीत जाऊन रडली. बहीण मात्र म्हणाली, "दुसऱ्या कुणाला दाखवून खात्री करून घ्यायची का?" मिस्त्रीने तिची पिशवी स्वतः बांधून दिली.

वास निम्माच परत आला; वॉर्निश कळतं, फुलं कळत नाहीत. वर्षातून एकदा दुर्बीण घालून घ्यावी लागते. गल्लीतल्या एकीने, तो आता फार दिवसांचा नाही असं ऐकून, कपाट दुसऱ्या सुताराकडून करून घेतलं होतं. त्याचं दार लागेना, तेव्हा ती ओशाळून आली.

"किती घासायचंय?" त्याने विचारलं.

"साधारण..." ती म्हणाली, आणि मिस्त्रीने कपाळाला हात लावला.