मिहाईची विहीर आणि विषाची पिंपं

लष्करी युती म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? रणगाडेच ना? आमच्या मोल्दोवात, पेरिश्तेनी गावात, ती आली ती रिकामी पिंपं घेऊन.

गावाच्या वरच्या अंगाला सरकारी सामुदायिक शेतीच्या काळातलं गोदाम. शेती बुडाली, साहेब पळाले, कीडनाशकांची पोती तिथंच फुटून पडली. खाली रस्त्याकाठी विहीर. अगाफियाच्या नवऱ्याने, मिहाईने खणलेली. आमच्यात वाटसरूंसाठी विहीर खणतात. पाणी पिणारा खणणाऱ्याचं नाव घेतो, आणि ते पाणी गेलेल्याच्या जिवाला पोचतं. मिहाई गेला आणि त्याच वर्षी, विष झिरपलं असेल म्हणून, सरपंचाने विहिरीला कुलूप घातलं. माझा माणूस तिकडे तहानलेला आहे, हे अगाफियाच्या मनातून जाईना. तिने राजधानीतल्या कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, साहेबांशी भांडली. शेवटी निरोप आला: पैसा युतीचा, विष उचलणार आपलेच सैनिक.

ट्रक आले, तर शेजारच्या तिमोफतेने रस्त्यात घोडागाडी आडवी घातली.

"आपला देश तटस्थ आहे! आज पिंपं आणतील, उद्या तोफा!"

"तोफा काय तुझ्या खुराड्यात ठेवणारेत?" अगाफिया कडाडली. "आणि मेल्या, ते विष तटस्थ आहे होय रे?"

लोक खदखदून हसले. तेवढ्यात मुखवटा खाली ओढत सैनिकांची म्होरकी, एक तरुण पोरगी, म्हणाली, "मावशी, गोदामाची दारं, फळ्या, सगळंच न्यायचंय, लाकडातही विष मुरलंय. पण तिथं तर नुसत्या भिंती! बाकीचं कुणी नेलं?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. फुकटचं लाकूड कोण सोडतो? अख्ख्या गावाने नेलं होतं.

अगाफिया घरी गेली. फाटकाशी मिहाईने केलेला बाक होता. गोदामाच्याच दाराचा. रोज संध्याकाळी ती त्यावर बसायची. तो तिने ओढत आणला आणि ट्रकपाशी ठेवला.

"रंधा त्याने स्वतः मारलाय. जपून ठेव, पोरी."

"मावशी, हा तर परदेशात नेऊन जाळणार."

"ठाऊक आहे गं. तरी जपून."

तिमोफते बराच वेळ घोड्याची मान खाजवत राहिला. मग घोडा सोडत पुटपुटला, "गाडीचा तळसुद्धा तिथल्याच फळ्यांचा आहे."

"आणि खुराडं?" मागून त्याची बायको.

"अगं हो, खुराडंपण!"

पुढच्या वसंतात पाणी तपासून झालं. चांगलं निघालं. कुलूप निघालं, पहिली बादली अगाफियाने ओढली. तिमोफतेने तिला अक्रोडाचा नवा बाक करून दिलाय. तो डुगडुगतो, आणि त्यावर बसून ती त्याला रोज शिव्या घालते. मजेत आहे.

तेव्हा कधी त्या रस्त्याने गेलात तर थांबा. घोटभर पाणी प्या, आणि मिहाईचं नाव घ्या. मोठ्याने घ्या, तिला बाकावर ऐकू जाईल असं.