टॅब मारून ओलांडलेली चौकट

चूक माझी होती. एवढे तीन शब्द आठ वर्षांत माझ्या तोंडून बाहेर पडले नाहीत — बायकोजवळ नाही, भावाजवळ नाही, ज्यांच्याजवळ सगळ्यांत आधी बोलायला हवं होतं त्यांच्याजवळ तर गेल्या महिन्यापर्यंत नाहीच. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सोपं जातंय का? असेल. त्यातही थोडा भित्रेपणा असेलच.

नगरला एका छापखान्यात मी वीस वर्षं कॉम्प्युटरवर बसलो. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, दशक्रियेची पत्रकं. त्यातही मुख्य म्हणजे लग्नपत्रिका. मजकूर ठरलेला असतो, फक्त नावं बदलतात. दर वेळी पानात शिरून एकेक नाव शोधायचं, पुसायचं, नवं टाकायचं — याचा मला कंटाळा यायचा. म्हणून मी एक स्क्रिप्ट लिहिली. कॉम्प्युटरला ओळीने दिलेल्या सूचना, एवढंच ते. ती चालवली की पडद्यावर एक छोटी खिडकी उघडायची आणि तिच्यात रिकाम्या चौकटी. वराचं नाव, वधूचं नाव, दोघांचे वडील, मुहूर्त, स्थळ. एक चौकट भरली की टॅबचं बटण दाबून पुढच्या चौकटीत जायचं, शेवटी 'ओके' दाबायचं, की पत्रिका तयार.

मला याचा फार अभिमान होता. कुणी शिकवलेलं नव्हतं, पडत-झडत शिकलो होतो. कुठली चौकट किती रुंद ठेवायची ते मी ठरवायचो. उघडल्याबरोबर तिच्यात काय लिहिलेलं दिसावं, तेही मीच. नावांच्या चौकटी लांब. वडिलांच्या नावाआधीची, उपाधीची चौकट मात्र अगदी अरुंद — 'श्री.' नाहीतर 'कै.', आणखी काय मावायचंय तिच्यात? आणि मला एक हुशारी सुचली. चौकट रिकामी उघडण्याऐवजी मागच्या पत्रिकेला जे लिहिलं होतं तेच तिच्यात आधीपासून दिसेल, अशी सोय मी करून ठेवली. बहुतेकांचे वडील हयात असतात. तेच 'श्री.' पुन्हा पुन्हा कशाला टाईप करायचं?

शेठनी पाठ थोपटली. रशीदचाचांनी मात्र चष्मा कपाळावर सरकवून खिडकीकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाले, "रिकामी असली तर ती विचारते तरी, बाबा. भरलेली कशाला विचारेल?"

मी हसलो होतो. मला वाटलं, जुन्या माणसाला नवं पटत नाही.

चाचांबद्दल सांगायला हवं. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवण्याच्या काळापासून ते त्या छापखान्यात होते. खिळे गेले, कॉम्प्युटर आले, तेव्हा शेठनी त्यांना प्रुफं तपासायला बसवलं. त्यांच्याइतकं शुद्ध मराठी नगरात कुणी वाचत असेल असं मला वाटत नाही. रोजच्या पेपरातल्या चुका लाल पेनाने खुणा करून चहाच्या वेळेला आम्हाला दाखवायचे आणि स्वतःच खूश व्हायचे. मी पारनेरकडचा, नवखा, तेव्हा चि. सौ. कां. कुणाला आणि श्रीमती कुणाला, हे त्यांनी मला शिकवलं. "आधी उपाधी वाच, मग नाव," म्हणायचे. "नाव चुकलं तर माणूस रागावतो. उपाधी चुकली तर घर रडतं." स्वतः प्रूफ वाचताना प्रत्येक उपाधीच्या डोक्यावर लाल पेनाने एक बारीकशी बरोबरची खूण करायचे. सगळं ठीक असलं की खाली 'छापा' लिहून सही. त्या सहीनंतर पानाला हात लावायचा नाही, आणि लावलाच तर नवं प्रूफ काढायचं — छापखान्याचा हा नियम होता. चाचांनीच घातलेला.

मी लांबण लावतोय, कळतंय मला.

लग्नसराई होती. माझ्याच तालुक्यातल्या एका गावचं काम आलं. मुलीचे वडील भाऊसाहेब. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं, म्हणून धावपळ त्यांचा धाकटा भाऊ करत होता. प्रूफ निघालं, चाचांनी वाचलं, 'छापा' लिहिलं. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी दुपारी हा धाकटा भाऊ पुन्हा आला. नक्षी बदला म्हणाला, गणपती मोठा पाहिजे. म्हणजे नव्या नमुन्यावर स्क्रिप्ट पुन्हा चालवणं आलं. खिडकी उघडली. मधल्या वेळात मी दुसरी एक पत्रिका केली होती — त्या मुलीला वडील नव्हते. चाचांचं प्रूफ समोर ठेवून मी नावं भरत गेलो. नाव, टॅब. नाव, टॅब. अरुंद चौकट आली, तिच्यात काहीतरी भरलेलं होतं. भरलेलंच आहे — टॅब.

नवं प्रूफ काढायला हवं होतं. चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले होते, तासाभरात येणार होते. तास काय असतो? पण मजकूर तोच आहे, फक्त नक्षी बदलली, असं मी स्वतःला म्हणालो आणि काम छपाईला सोडलं.

पहिली पत्रिका हळदीकुंकू लावून भैरवनाथापुढे ठेवली गेली. देवापुढची पत्रिका कोण वाचतो? बाकीच्या मोटरसायकलींवरून दोन दिवसांत गावोगाव पोचल्या. जिथे पोचल्या तिथे मात्र लोकांनी वाचल्या.

सोमवारी सकाळी भाऊसाहेब स्वतः आले. सोबत धाकटा भाऊ आणि बायको. काउंटरला धरून उभे राहिले — चढण चढल्यासारखा दम लागला होता.

"ओळखलं का, शेठ? मी कैलासवासी भाऊसाहेब."

कुणी हसलं नाही. मग तेच थोडं हसले. "दोन दिस झालं, फोन थांबंना. मीच उचलतोय न् मीच सांगतोय, न्हाई बाबा, अजून हाय म्हणून. जामखेडची बहीण तर माझाच आवाज ऐकून बोलंना. लई रडली."

त्यांची बायको बाकावर बसली होती. मंगळसूत्र मुठीत घट्ट धरलेलं. तिची ती मूठ मला अजून दिसते.

मला तेव्हाच सगळं कळलं होतं. भाऊसाहेबांचं वाक्य संपायच्या आत कळलं होतं — ती अरुंद चौकट, तो टॅब. तुम्ही म्हणाल, मग बोलला का नाहीस? हेच तर मी आठ वर्षं स्वतःला विचारतोय. नोकरी गेली असती का? नसती. शेठ ओरडले असते, माझ्या स्क्रिप्टला हसले असते. एवढंच. एका हशाच्या भीतीने मी गप्प बसलो.

धाकटा भाऊ तापला होता. "आमच्यातल्या माणसाला वाचाय देत जावा की शेठ," तो म्हणाला. "त्यांना काय कळतंय, कै. काय न् श्री. काय?"

चाचा तिथेच उभे होते. ज्या माणसाने मला कै. आणि श्री. शिकवलं, तो. ते शेठकडे बघून एवढंच म्हणाले, "प्रूफ बघू द्या. मी असं सोडायचो नाही."

"सुरेश, काढ रे प्रूफ," शेठ म्हणाले.

मी ड्रॉवर उघडला. प्रूफ वरच होतं, स्टेपलरखाली. 'श्री.' होतं, आणि त्याच्या डोक्यावर ती बारीक लाल खूण. मी ड्रॉवर लावून टाकला.

"सापडत नाही. कचऱ्यात गेलं असेल."

"वाचलं होतं कुणी?" शेठनी विचारलं.

"चाचांनीच. सही होती त्यांची."

शेवटच्या उत्तरातला शब्द न् शब्द खरा होता; नक्षी बदलल्यावर नवं प्रूफ काढलंच नाही, एवढंच मी गाळलं. खऱ्या शब्दांनी खोटं बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. आणि किती सहज येतं, तेही.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. संशयाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी विश्वासाने पाहिलं. सुरेश म्हणतो म्हणजे तसंच असणार — असं. मग भाऊसाहेबांच्या बायकोसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. "माझीच नजर चुकली, ताई. वय झालं आता."

पत्रिका पुन्हा छापल्या. लग्न झालं. संध्याकाळी मी स्क्रिप्ट उघडून ती सोय काढून टाकली; चौकट पुन्हा रिकामी उघडू लागली. कुणाला काही कळलं नाही. प्रूफ मी घरी नेलं. फाडून का टाकलं नाही? माहीत नाही. कपाटातल्या जुन्या कागदांत, तळाशी घालून ठेवलं.

शेठनी चाचांना काढलं नाही. फक्त लग्नपत्रिका त्यांच्याकडे द्यायचं बंद केलं. पावती पुस्तकांचे नंबर तपासायला दिले. चाचा तेही प्रत्येक आकड्यावर बोट ठेवून, तीन-तीनदा तपासायचे. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. चाचांचा विश्वास बसला नाही. "त्याला काय कळतंय?" ते मला म्हणाले. "जित्या माणसाला कै. लिहिलेलं मला दिसलं नाही, सुरेश. अजून काय पुरावा पाहिजे?"

पुरावा माझ्या कपाटात होता.

पेपर वाचणं त्यांनी आधी सोडलं. लाल पेन टेबलावर तसंच पडून राहिलं. चहाच्या वेळेला आम्ही मुद्दाम पेपर पुढे सरकवायचो, तर ते परत आमच्याकडे सरकवायचे — "तुम्हीच वाचा, बाबांनो." मग एका पावसाळ्यानंतर ते यायचेच बंद झाले.

इथेच थांबलो असतो तरी पुरे होतं. पण आणखी आहे. दोन-तीन वर्षांनी भाऊसाहेब पुन्हा आले, नातवाच्या जावळाचं कार्ड करायला. चांगले सुधारले होते. इकडेतिकडे बघत मला म्हणाले, "ते चाचा दिसंनात? त्यांना म्हणावं, माझ्या मनात काय न्हाई. आयुष्य वाढलं माझं त्यानं. भावाचं बोलणं बी मनाव घेऊ नका म्हणावं."

"सांगतो," मी म्हणालो.

सांगितलं नाही. सांगायला गेलो असतो तर बाकीचंही तोंडातून निघालं असतं, अशी भीती वाटली. म्हणजे ज्याचा अपमान झाला त्याला मिळालेले चार बरे शब्दही मी वाटेत अडवले. पहिली चूक बोटाची होती, धरून चाला. ही कशाची होती?

गेल्या वर्षी शेठ वारले आणि मुलांनी छापखाना बंद केला. मशीन विकायला काढली तेव्हा मी माझा ड्रॉवर रिकामा केला. तळाशी चाचांचं लाल पेन निघालं. कधी तिथे ठेवलं, आठवत नाही. त्यानंतर मला जेवण जाईना. बायकोने विचारलं, मी पित्ताचं कारण सांगितलं.

शेवटी गेल्या महिन्यात गेलो. चाचा दारापाशी खुर्ची टाकून उन्हात बसले होते. खूप वाळले आहेत. मला बघून त्यांना आनंद झाला — खरा आनंद झाला. सुनेला चहा टाकायला सांगितला. "सुरेश आलाय," म्हणाले, "माझा चेला."

मी प्रूफ काढून त्यांच्या हातात दिलं. काय आहे ते सांगितलं नाही. त्यांनी चष्मा पुसला, कागद उन्हात धरला. बोट ठेवलं. हळूहळू खाली येत गेले. वधूच्या वडिलांच्या नावावर बोट थांबलं. तिथेच राहिलं. मग सहीवर आलं, आणि पुन्हा वर गेलं, त्या खुणेवर.

चहा आला. दोघांनीही घेतला नाही.

"श्री. आहे," ते म्हणाले.

"हो."

"शेठ गेला," ते म्हणाले. आणि मग, कागदावरून बोट न उचलता, "आता कुणाला दाखवू हे, सुरेश?"

मी रस्ताभर काय काय जुळवून गेलो होतो. लग्नसराईची घाई, शुक्रवार, बदललेली नक्षी. त्यातलं काहीच बोललो नाही. माफ करा, असंही म्हणालो नाही — ते पुन्हा त्यांच्याकडेच काहीतरी मागणं झालं असतं. भाऊसाहेबांचा निरोप आधी दिला, जसाच्या तसा. मग त्यांच्या पायांशी उंबऱ्यावर बसलो आणि म्हणालो, "चाचा, तुमची नजर चुकली नव्हती. चौकट मी न वाचता ओलांडली. प्रूफ मी लपवलं. तुमच्यासमोर उभा राहून मी खोटं बोललो, आणि तुम्हाला ते खरं वाटू दिलं."