सासूबाईंचं बायबल मी क्रमानं बांधून घेतलं

माझ्या सासूबाईंचं बायबल मी ब्लेडनं कापून सुटं केलं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या चर्चच्या मंडळीत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि प्रत्येक जण ती थोडी वाढवूनच सांगतो. मी कापलं ते व्यवस्थित, पट्टी लावून, जेवणाच्या टेबलावर खाली पुठ्ठा ठेवून.

आमचा बायकांचा गट दर गुरुवारी दुपारी तीन वाजता शरणपूर रोडजवळच्या माझ्या घरी जमतो. आम्ही सहा जणी. अख्खं बायबल वाचायचं असं दरवर्षी ठरायचं. जानेवारीत उत्पत्तीपासून जोरात सुरुवात व्हायची आणि फेब्रुवारीअखेर यज्ञांचे नियम आले की कुणाकडे लग्न निघायचं, कुणाचे गुडघे धरायचे. त्या वर्षी देवळाली कॅम्पहून येणारी, फौजीची बायको, म्हणाली, "दीदी, जसं घडलं तसं वाचू या ना. आधीचं आधी, नंतरचं नंतर. म्हणजे गोष्ट तरी समजेल."

मी बावीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आणि त्यातली वीस वर्षं शाळेचं वेळापत्रक केलं. क्रम हा शब्द कुणी उच्चारला की माझा हात आपोआप पट्टीकडे जातो. बायबल घडलेल्या क्रमानं लावलेलं नाही. राजा एका पुस्तकात आणि त्याची गाणी दुसऱ्यात. संदेष्टे सगळे मागे, आणि ते ज्यांच्यावर ओरडले ते राजे कधीच पुढे होऊन गेलेले. मी वर्षाचा तक्ता केला आणि खाली एक नियम लिहिला: एक जण जरी गैरहजर असेल तर पुढचं वाचन होणार नाही. दांड्या मारणाऱ्यांना जरब बसावी एवढाच त्याचा हेतू होता.

डिसेंबरात एकदा रंगीत तालीम केली. दोन तासांतला एक तास पानं उलटण्यात गेला. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या आमच्या सुरगाण्याच्या मावशींनी तर पुस्तक मिटूनच ठेवलं. त्या पन्नाशी उलटल्यावर वाचायला शिकल्या. ओळीखाली बोट ठेवून, पानावर जे असेल ते सगळं वाचायचं, तळटीप आणि पानाचा आकडासुद्धा, अशी त्यांची रीत. पुढेमागे उड्या मारणं त्यांना जमेना. तेव्हा मला सुचलं, एक बायबल सुटं करून तक्त्याप्रमाणे बांधून घ्यावं. ज्या बाईची पाळी, तिनं त्यातून सरळ वाचावं.

सुटं करायला बायबल माझ्याकडे होतं. सासूबाईंनी जाण्याआधी ते स्वतःच्या लेकीला न देता मला दिलं होतं, आणि मी ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटावर टाकलं होतं. सहा वर्षं उघडलं नव्हतं. कारण सांगते.

माझी पहिली मुलगी नऊ दिवसांची होऊन गेली. बाप्तिस्म्याच्या आधीच. तिचं नाव आम्ही दोघांनी दवाखान्यात ठेवलं होतं, आणि घरी परतल्यावर ते नाव पुन्हा कुणी काढलं नाही. आमच्या घरांतल्या बायबलांत जुन्या आणि नव्या कराराच्या मध्ये दोन जाड पानं असतात. घरातले जन्म, बाप्तिस्मे, लग्नं आणि मृत्यू त्यावर लिहितात. सासूबाई ती पानं फार निगुतीनं लिहायच्या. मुलगा झाल्यावर मी एकदा ती उघडली. आमचं लग्न होतं. मग एक ओळ कोरी. मग मुलाचा जन्म, तारीख-वारासकट. माझी मुलगी नव्हतीच. तिच्या जागी एक ओळ रिकामी ठेवून ही बाई पुढे गेली, असं मला वाटलं. मी काही विचारलं नाही, त्या काही बोलल्या नाहीत. पुढची तीसेक वर्षं मी त्यांचा चहा, पथ्य, औषधं काही चुकवलं नाही. माफ मात्र केलं नाही.

म्हणून ते पुस्तक कापताना हात कचरला नाही. नवरा म्हणाला, "आईचं होतं गं ते." मी म्हटलं, वापरात येतंय, देवाला आनंदच होईल. त्यांना हे पटलं नव्हतं, पण माझ्या हातात ब्लेड असताना ते वाद घालत नाहीत. जिथे पानाच्या एका बाजूला एक काळ आणि पाठीमागे दुसरा होता, तिथे झेरॉक्स काढून जोडली. नाताळ तोंडावर आलेला, आणि मी करंज्या सोडून राजे आणि संदेष्टे लावत बसलेली.

रविवार कारंज्याजवळ एका बोळात शाळेची रजिस्टरं बांधणारे एक म्हातारे बाइंडर आहेत. गठ्ठा बघून ते म्हणाले, "मॅडम, धर्माचं पुस्तक आहे. खात्री आहे ना?" मी ती दोन जाड पानं आधीच पाकिटात घालून घरी ठेवली होती. म्हटलं, बांधा. त्यांनी विचारलं, "झेरॉक्सचे कागद मोठे आहेत. तिन्ही बाजूंनी छाटून देऊ का? एकसारखं दिसेल." एकसारखं दिसणं हा माझा जन्माचा आजार. मी म्हटलं, छाटा.

जानेवारीच्या पहिल्या गुरुवारी आमच्या सहा जणींतली एक, माझी नणंद, मनमाडहून आली. नवऱ्याची मोठी बहीण, नर्स म्हणून निवृत्त झालेली, आम्ही तिला ताई म्हणतो. सासूबाई गेल्यावर तिला माहेर म्हणून माझंच घर उरलं होतं, त्यामुळे ती गुरुवारची गाडी कधी चुकवायची नाही. तिनं ते नवं कापडी पुठ्ठ्याचं पुस्तक हातात घेतलं, दोन-चार पानं उलटली आणि कडेवरून अंगठा फिरवला.

"आई कडेला लिहायची," ती म्हणाली. "पेन्सिलनं. बारीक."

मला माहीत नव्हतं. मी ते पुस्तक वाचायला कधी उघडलंच नव्हतं, आणि कापताना नजर पट्टीवर होती. मग दिसायला लागलं. नोहाच्या पुराशेजारी 'गोदावरीला पू' एवढंच उरलेलं. कुठे 'धाकट्याला गोव', कुठे नुसती वेलांटी. ती बाई वर्षाला एकदा अख्खं बायबल वाचायची आणि आपलं सगळं आयुष्य त्याच्या कडेला टिपून ठेवायची. ती कड मी छाटून घेतली होती. ताई मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

वाचन मात्र छान चाललं. यज्ञांचे नियम आले आणि गेले, एकीकडेही लग्न निघालं नाही. राजा गुहेत लपला की लगेच त्याचं गुहेतलं गाणं यायचं, आणि कॅम्पची म्हणायची, "आता कळलं हा का रडतोय." तिचा नवरा सीमेवर होता, तिला त्या गाण्यांतलं बरंच कळायचं. मला वाटलं होतं मी त्यांना क्रम शिकवतेय. प्रत्यक्षात मीच पहिल्यांदा नीट ऐकत होते.

तक्ता माझाच असल्यामुळे एक गुरुवार मला डिसेंबरपासूनच माहीत होता. एप्रिलअखेरचा. दावीद राजाचं तान्हं बाळ आजारी पडतं, तो सात दिवस उपाशी जमिनीवर पडून राहतो आणि बाळ जातं, तो भाग. त्या दिवशी वाचायला मी मुद्दाम सुरगाण्याच्या मावशींना नेमलं होतं. त्या यादी वाचल्यासारखं एका सुरात वाचतात. रडू यायला वावच राहणार नाही, असा माझा हिशेब होता.

त्या वाचत होत्या. पंखा गरगरत होता. बाळ गेलं, राजा उठला, अंघोळ करून जेवायला बसला. त्या बाळाचं नावही दिलेलं नाही. आणि त्याच सुरात, बोट न उचलता, मावशींनी पुढे वाचलं, "सुनेची पहिली. नऊ दिवस."

मग त्या थांबल्या. "हे पेन्सिलीनं लिवलेलं हाय. पुढं एक अक्षर हाय आन् मंग कापलंय." त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "खाली रेघा हायेत. उभ्या. लय हायेत."

मी पुस्तक घेतलं. अक्षर सासूबाईंचंच होतं. खाली माझ्या मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर, आणि पुढे बाइंडरनं कापलेली स्वच्छ कड. त्याखाली रेघा. दरवर्षी ती बाई या पानावर आली होती आणि दरवर्षी एक रेघ मारून पुढे गेली होती. काही रेघा ठसठशीत होत्या, शेवटच्या थरथरत्या. मोजायची गरज नव्हती. एवढी वर्षं मी शेजारच्याच खोलीत होते.

चहा करायला म्हणून मी आत गेले. ताई पाठोपाठ आली.

"आईनं मला विचारलं होतं," ती ओट्याला टेकून म्हणाली. "पानावर लिहू का म्हणून. मीच नको म्हटलं. म्हटलं, तिला सारखं दिसेल, तिला विसरू दे. तेव्हा आम्ही दवाखान्यात सगळ्यांना हेच सांगायचो. मुलं होतील अजून, विसरा."

"आणि मला नाही विचारलं?"

"नाही."

मला इतका राग आला की साखर दोनदा पडली. आयुष्यभर ज्या बाईवर रुसले ती गेलेली, आणि जिच्यावर रुसायचं होतं ती माझ्याच ओट्याला टेकून उभी. मी म्हटलं, "तुझी गाडी चुकेल." गाडी सहाची होती आणि घड्याळात चार वाजले होते. ताईनं पर्स उचलली आणि गेली.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. मी पुस्तक उघडलं तर सुरगाण्याच्या मावशी म्हणाल्या, "त्या आल्या नाय. मंग पुढं कसं वाचायचं?" आणि बोट माझ्या तक्त्याखालच्या नियमावर ठेवलं. तो नियमही त्यांनी वाचला होता. तेव्हा आम्ही मागचाच भाग पुन्हा वाचला. त्याच्या पुढच्या गुरुवारी तिसऱ्यांदा. तीन वेळा तो राजा जमिनीवर पडला आणि उठला. तिसऱ्या वेळी माझ्या लक्षात आलं की ताईनं एक ओळ लिहू दिली नाही आणि मी तर लिहिलेलं नाव छाटून टाकलं. दोघींनीही नीटनेटकं करायलाच घेतलं होतं.

मी मनमाडला फोन लावला. "गुरुवारी ये. अडलंय."

"गटाचं की तुझं?"

"दोघांचंही."

ती आली, येताना स्टेशनवरून बिस्किटांचा पुडा घेऊन. माफी कुणी मागितली नाही. तिनं माझ्याशेजारची खुर्ची ओढली आणि आम्ही पुढच्या पानावर गेलो. त्या उन्हाळ्यात आणि नंतरच्या पावसात आम्ही राजे संपवले, बंदिवास संपवला, शहराच्या भिंती पुन्हा बांधून झाल्या. ताई अधूनमधून एखादी अर्धी पेन्सिलओळ बघून सांगायची, हे गोवराचं, हे बाबांच्या बदलीचं. जेवढं तिला आठवलं तेवढं मी वहीत उतरवून घेतलं.

ऑक्टोबरात जुना करार संपत आला, तेव्हा मी पाकीट काढलं आणि पुन्हा रविवार कारंज्याला गेले. बाइंडरना म्हटलं, ही दोन पानं दोन करारांच्या मध्ये घाला. आणि यावेळी छाटायचं नाही.

"बाहेर आलेली दिसतील, मॅडम."

"दिसू देत."

ती बोटभर बाहेर आलेली आहेत. पुस्तक मिटलं तरी ती कुठे आहेत ते कळतं. त्या गुरुवारी मी ते पान उघडून ताईसमोर ठेवलं. लग्न, मग कोरी ओळ, मग मुलगा. एवढी वर्षं मला ती ओळ म्हणजे थोबाडीत वाटत होती. आता पाहिलं तर सासूबाईंनी सगळीकडे ओळीला ओळ लागून लिहिलेलं, कुठेही जागा वाया घालवलेली नव्हती. तेवढी एकच ठेवली होती.

"तू लिही," मी म्हटलं. "तुझं अक्षर आईंसारखं आहे."

ताईनं चष्मा पुसला, पेन घेतलं आणि विचारलं, "नक्की?" मी मान हलवली. तिला नाव आणि तारीख सांगायची म्हणून मी तोंड उघडलं, तोवर तिनं दोन्ही लिहूनही टाकलं होतं.

मग वाचायची पाळी मावशींची होती. नवा करार पुढच्या पानावर सुरू होत होता, पण त्यांच्यासमोर हे पान उघडं होतं, आणि पानावर जे असेल ते त्या वाचतात. बोट ठेवून त्यांनी सासू-सासऱ्यांच्या लग्नापासून सुरुवात केली. फार हळू वाचत होत्या. एरवी मी मनगटावरच्या घड्याळाकडे दहा वेळा बघितलं असतं. त्या आमच्या लग्नापर्यंत आल्या, बोट एक ओळ खाली सरकलं, आणि माझ्या मुलीचं नाव त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.