ताईने घेतलेली बला

हे मी आजवर कोणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, फोनवर आईलाही नाही. तुम्हाला सांगते — तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच असेल.

माझं माहेर पार नंदुरबारकडे. सातवीत शाळा सुटली, लग्न होऊन दिग्रसला आले. बोली वेगळी, माणसं वेगळी. मोठ्या जावेने, मंदाताईने, सांभाळलं. ती नसती तर मी टिकलेच नसते. आणि तिच्याशीच मी — थांबा, नीट सांगते.

माझ्या छातीच्या फोटोत डाव्या बाजूला पांढरा डाग निघाला. सुई टोचून तुकडा काढावा लागेल, डॉक्टर म्हणाले. पण त्याआधी यवतमाळच्या नव्या मशीनवर बघू. ते मशीन कमानीसारखं हळूहळू फिरतं, आतले पातळ थर वेगवेगळे दाखवतं. डॉक्टरबाईंनी पडद्यावर एकेक थर उलटला. डाग कुठेच नाही.

"थर एकावर एक आल्याने तसं दिसलं होतं. गाठ नाही, सुईची गरज नाही. घरी जा."

आनंद व्हायला हवा होता ना? मी पडद्याकडेच बघत राहिले. होता, आता नाही — मग गेला कुठे?

बाहेर नवरा बसला होता. मी म्हणाले, "अजून नक्की नाही म्हणतात. लक्ष ठेवावं लागेल."

का बोलले? तो फोटो निघाल्यापासून ताई माझे केस विंचरत होती. रोज सकाळी माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडायची — "तुही बला माह्यावर!"

"ताई, असं बोलू नका."

"काहून वं? मले पाहून बलाच पळून जाईन!"

हसायची. आणि मी, सगळं माहीत असून, रोज चेहरा पुढे करायचे. आठ महिने.

त्याच महिन्यांत तिच्या हाताला स्वतःच्या छातीत गाठ लागत होती. ती गप्प राहिली. का, ते नंतर म्हणाली — "एका घरात एक बिमार पुरे."

शेवटी तिला नेलं. यवतमाळला तेच मशीन, तीच खोली. सोबत मी. थर उलटत गेले, डाग हलेना. डावी बाजू. तीच जागा. तो मला ओळखतो आहे, असं वाटलं — पडद्यातून. तिची सुई टळली नाही.

बला अशी अंगावरून अंगावर जात नसते, एवढं मला कळतं. पण उशीर? तो मीच केला.

शेवटी शेवटी तिने मला जवळ ओढलं. आवाज उरला नव्हता. "घेतली न वं मी तुही बला?" केवढं समाधान होतं तिच्या तोंडावर. तेव्हा तरी सांगायचं होतं —

मी मान हलवली.

घरात आजही पाहुण्यांना सांगतात, मोठीने धाकटीला वाचवलं. मी हो म्हणते.